बसलेला आवाज

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणाऱ्या कंपनीत लागून शर्वाणीला पाच महिने झाले होते. गावोगावच्या दवाखान्यांना फोन करायचा आणि तिथल्या डॉक्टरांना कंपनीशी जोडून घेणाऱ्या साहेबांसाठी भेटीची वेळ मिळवायची, एवढंच तिचं काम. शुक्रवारपर्यंत आणखी एक भेट ठरली नाही, तर नोकरी कायम होणार नव्हती.

देवरुखच्या डॉक्टर बेलवलकरांनी तिला मधेच थांबवलं. "पेशंट समोर नसताना मी औषध देत नाही. तुमचं कागदावरचं वाचून झालं असेल, तर ठेवा फोन."

"ठेवते, सर."

"थांबा. आवाज कधीपासून बसलाय?"

"महिना झाला. दिवसाला ऐंशी फोन करते ना."

"थंडी जास्त वाजते? केस गळतात? वजन वाढलंय?"

तिन्हींना तिने हो म्हटलं. 'आत्ता तुम्ही मला फोनवरच तपासलंत' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. साहेबांनी तेच बोलायला लावलं असतं. पण इतक्या दिवसांत फोनवर तिची चौकशी करणारा हा पहिलाच माणूस होता. ती नुसतं "थँक्यू, सर" म्हणाली.

"थायरॉइडची रक्ततपासणी करा. रिपोर्ट मला कळवा."

शुक्रवारी दुपारी तिने डॉक्टरांना फोनवर रिपोर्टमधले आकडे वाचून दाखवले. थायरॉइडच निघाला होता.

"पेशंट समोर नव्हता, तरी कळलं की," ते म्हणाले. "साहेबांना सोमवारी अकराला पाठवा. गोळी मात्र तुम्ही दवाखान्यात जाऊनच लिहून घ्या."