हिरवा ठिपका

वडिलांच्या मनगटावरचा पट्टा नाडी मोजायचा. जरा कमीजास्त झालं की परगावच्या मुलाचा मोबाइल बोंबलायचा आणि तो हातातलं काम टाकून घरी फोन लावायचा. महिनाभर मात्र मोबाइलवरचा नाडीचा ठिपका कसा हिरवागार होता. मुलाचा जीव भांड्यात पडला. फोनही आपसूक थांबले.

आज आईनंच फोन केला. "बाबा गेले रे."

त्यानं घाईघाईनं ठिपका पाहिला. "काहीतरीच काय, आई! ठोके दिसताहेत मला. पट्टा हातात आहे ना?"

"आहे. माझ्या हातात. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनीच बांधला. तुला सांगणार होते मी, पण मग तुझा फोनच येईना."