आपोआप

“मशीनला हात लावायचा नाही,” दिनानाथशेठ म्हणाले. “फोनलाही नाही. दोन्ही हात टेबलावर.”

जास्मीनने हसत हसत हात टेबलावर ठेवले. तिला कसलीच धाकधूक नव्हती.

ही २०१२ची गोष्ट. पनवेलच्या या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागून तिला जेमतेम वर्ष होत आलं होतं. शेठची कंटेनर यार्डं कळंबोली, जासई, उरण अशी पसरलेली. प्रत्येक गेटवर एक कॉम्प्युटर. ड्रायव्हरला गेटपास तिथेच छापून मिळायचा. सेटिंग बिघडलं की पास निघेना, आणि पास नाही निघाला की ट्रेलरची रांग थेट हायवेला लागायची. मग ओवेस बाईकला किक मारायचा.

ओवेस कंपनीत पहिल्यापासून होता. कुठलं मशीन कशावर अडतं हे एकट्या त्याला ठाऊक. गेल्या पावसाळ्यात गव्हाण फाट्याला चिखलात तो बाईकवरून पडला, तरी लंगडत लंगडत जासईला पोहोचला आणि गेट चालू करूनच दवाखान्यात गेला. ऑफिसात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. जास्मीनला मात्र त्या दिवशी राग आला होता. एका सेटिंगपायी माणसाने हाडं मोडून घ्यायची?

तेव्हापासून तिने मागच्या खोलीत एक सर्व्हर उभा करायला घेतला. कुठल्या गेटवरचं मशीन कसं असायला हवं, ते त्याच्यावर एकदाच लिहून ठेवायचं. मग प्रत्येक मशीन टेलिफोनच्या लाईनीवरून ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारणार: माझं सगळं जागच्या जागी आहे ना? कुठे फरक निघाला तर तिथल्या तिथे स्वतःला दुरुस्त करून घेणार. कोणी जायला नको, यायला नको.

शेठना ते पटत आलं होतं. पण ओवेसने भर मीटिंगमध्ये मोडता घातला.

“आणि तुझा सर्व्हरच बसला तर?”

“तरी गेटं चालतील, ओवेसभाई. आधीचं सेटिंग मशीनमध्ये असतंच. फक्त नवीन दुरुस्ती थांबेल.”

“बेटा, एसीत बसून सगळं चालतं. यार्डात धूळ असते.”

दोघांचं ऐकून ऐकून शेठ वैतागले. “भांडू नका. ओवेस, तू पाहिजे त्या यार्डात जा आणि मशीन पार बिघडवून टाक. जेवायच्या सुट्टीपर्यंत ते आपोआप नीट झालं, तर सगळी गेटं जास्मीनच्या ताब्यात. तू तिच्या हाताखाली काम करायचं.” मग ते जास्मीनकडे वळले. “आणि नाही झालं, तर तू दुसरीकडे नोकरी बघ.”

“मंजूर,” जास्मीन म्हणाली.

ओवेसने सगळ्यात लांबचं, उरणचं गेट निवडलं. आज सकाळी निघताना तो तिच्या टेबलापाशी थांबला होता.

“खरं सांग. खात्री आहे ना?”

“शंभर टक्के.”

“बस्स,” एवढंच म्हणून तो जिना उतरला.

आता शेठचा फोन टेबलावर मधोमध होता. तो वाजला तसा शेठनी स्पीकर लावला.

“बिघडवलं,” पलीकडून ओवेस म्हणाला. “तारीख मागे नेली, प्रिंटर उडवला, गेटपासचा प्रोग्रामही काढून टाकला.”

“शाब्बास. आता तिथून ऊठ. दयारामला बसव.” दयाराम म्हणजे उरणच्या गेटवरचा क्लार्क.

“उठलो,” ओवेस म्हणाला आणि फोन बंद झाला.

चहा आला. शेठ एकदा घड्याळाकडे बघत, एकदा तिच्याकडे. जास्मीन निवांत होती. हाच खेळ तिने कळंबोलीच्या मशीनवर कितीदा तरी करून पाहिला होता. प्रत्येक वेळी मशीन शहाण्यासारखं जाग्यावर आलं होतं.

“वेळ लागतोय,” शेठ म्हणाले.

“लागू दे, सर. येईल ते.”

चहाचे कप थंड होऊन गेले. बाहेर कुणीतरी डबा उघडला. जेवायची सुट्टी होत आली होती. नोकरी गेली तर अब्बांना काय सांगायचं? सगळ्या मोहल्ल्याला ते तिच्या सर्व्हरबद्दल सांगून बसले होते. तेवढ्यात फोन वाजला.

“शेठ, दयाराम बोलतोय. पास निघाला. तारीख बी बराबर हाय.”

“कोणी केलं?”

पलीकडे दयाराम खाकरला.

“कोनी नाय, शेठ. आपोआप झालं.”

शेठ टेबलावर थाप मारून हसले. “मानलं तुला, पोरी!” त्यांनी सगळ्या ऑफिसला जिलेबी मागवली.

ओवेस परतला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, बोटं शाईने काळी झाली होती. सगळ्यांसमोर त्याने खिशातून गेट-केबिनच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“हरलो. आता तू सांभाळ.”

त्याच्याकडे बघायला तिला अवघड वाटलं, पण जिंकल्याचा आनंद काही लपेना. तिने जिलेबीची प्लेट त्याच्यापुढे केली. त्याने एक उचलली, लंगडत खिडकीपाशी जाऊन बसला आणि सावकाश, मन लावून खाल्ली.

पुढचं काम हाती घ्यायला तिने उरणला दयारामच्या मोबाईलवर फोन लावला.

“दयारामदादा, तुमचेही आभार. संध्याकाळी सर्व्हरवरून एक नवीन सेटिंग पाठवते. मशीन चालू ठेवा.”

“मशीन चालूच हाय, ताई. पन सेटिंग येल कसं? रस्ता खनताना टेलिफोनची केबल तुटली. लाईन सकालपासून बंद हाय, ओवेसभाई यायच्या आधीपासनं.”