दूरची नोकरी

सुनेत्राचा नवरा फौजेतून निवृत्त होऊन सावली गावच्या एका कारखान्यात रखवालदारी करायचा. तो अपघातात गेला, तशी कारखान्याने दिलेली खोलीही गेली. आंधळी सासू चिमणाबाई तेव्हा इस्पितळात होती. 'ते दूरच्या नोकरीवर गेलेत,' असं तिला सांगून सुनेत्राने वर्षभर तिच्यासोबत देवळाच्या ओवरीत दिवस काढले.

अखेर नवऱ्याच्या पलटणीतल्या मित्रांनी धावपळ करून बाजवा गावात घर मिळवून दिलं. उंबरा ओलांडताच सुनेत्राला रडू फुटलं.

"आई, मी खोटं बोलले. ते आता कधीच येणार नाहीत."

"पहिल्याच दिवशी तुझ्या आवाजावरून कळलं होतं गं."

"मग गप्प का राहिलात?"

 

"तोच नाही म्हटल्यावर तू मला कशाला सांभाळलं असतंस?"