शेवटच्या बोटीची सूचना

शपथेवर सांगते, यातलं अक्षरन्अक्षर खरं आहे. खोटं असेल तर माझे उरलेले चार दात आजच पडू देत!

त्या बेटाच्या धक्क्यावर चौकशीच्या खिडकीत एक बाई बसायची. पर्यटकांवर तिचा पारा कायम चढलेला. "बेटावर मुक्कामाची सोय नाही! पिण्याचं पाणी सोबत आणा! शेवटची बोट चुकवलीत तर पोहत जा!" असं दिवसभर भोंग्यावरून करवादायची.

त्या संध्याकाळी तिला पलीकडे दवाखान्यात लेकीपाशी पोचायचं होतं. लेक पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. सगळे शेवटच्या बोटीत बसले आणि नेमकं इंजिन सुरू होईना.

"अहो, लाथ घाला त्याला!" ती नवऱ्यावर खेकसली. बोट तोच चालवायचा.

"लाथेनं भागलं असतं तर तुलाच नसतं बोलावलं?"

ती आणखी भडकली. रिकाम्या बेटाकडे वळून ओरडली, "मेल्या, जाते मी! परत तोंड बघायची नाही तुझं!"

धक्क्यावरचा भोंगा खरखरला. माइक तर तिच्या पिशवीत होता.

"जाते म्हणू नये गं," भोंग्यातून कोणीतरी मायेनं म्हणालं. "येते म्हण."

ती भोंग्याकडे डोळे वटारून बघायला लागली.

"म्हण बाई एकदाचं," नवरा कुजबुजला. "पोर वाट बघतेय."

"येते!" ती दातओठ खात म्हणाली.

बोट हलली.

बरं बाई, एक गोष्ट पदरची घातली, कबूल. इंजिन बिघडलंच नव्हतं. ते मघापासून धडधडत होतं, आणि दोरही सोडलेला होता. तरी बोट जागची हलत नव्हती.