दारातला माणूस

"या फरश्यांवरून सरळ चालत जायचं. फटीवर पाय पडला की गाडीची किल्ली माझ्याकडे," हॉलच्या दारातल्या टेबलामागचा माणूस म्हणाला.

छापखान्याचा फोरमन हसला. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज त्याला निरोपाचं जेवण होतं. भाषणं झाली होती, मालकांनी शालही पांघरली होती, आणि या सगळ्यात तीन ग्लास कधी पोटात गेले ते त्याला कळलं नव्हतं. दुपारचे चार वाजले होते. गाडी समोरच उभी होती. शेजारी बायको, बोट धरून सात वर्षांची नात.

"अहो, मी डोळे मिटून गाडी नेतो घरापर्यंत."

"न्याल हो. पण रस्त्यावरची बाकीची माणसं डोळे उघडे ठेवून चालतात. त्यांना कशाला घाबरवता?"

मागे रांगेत हशा पिकला.

माणूस रुबाबदार होता. कडक इस्त्रीचा सूट, तोंडात लवंग, बोलणं सावकाश, एकेक शब्द तोलून. खुर्चीत ताठ बसलेला. खुद्द मालक समोर आले तरी तो उठला नाही. त्यांचीही किल्ली त्याने मागून घेतली.

"याला म्हणतात शिस्त," फोरमनची बायको कुजबुजली. "हॉलवाल्यांनी माणूस छान ठेवलाय."

मग एकच धमाल उडाली. बाइंडर तिसऱ्या फरशीवर कलंडला. प्रूफं तपासणाऱ्या काकांनी पाचवीपर्यंत मजल मारली आणि फरशीच तिरकी बसवलीय म्हणून भांडण काढलं. नुसतं सरबत प्यायलेली टेलिफोनवाली ताई मात्र तरातरा चालून गेली, शिवाय शेवटी वळून मुजराही करून आली. तिची किल्ली तिला परत मिळाली.

फोरमनची पाळी आली. नात मोजत होती. "एक... दोन... आजोबा, फटीवर!"

"छे! बूट मोठा आहे माझा."

"बूट काढून चाला," माणूस म्हणाला.

फोरमन मोज्यांवर चालला. या खेपेला दोनच फरश्या झाल्या. कान तापले त्याचे. इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालून एक ओळ वाकडी छापून गेली नव्हती. किल्ली त्याने टेबलावर आपटलीच.

"उद्या सकाळी हॉलच्या मॅनेजरकडून घेऊन जा," माणूस शांतपणे म्हणाला आणि त्याने टॅक्सी स्टँडला फोन लावला.

टॅक्सीत फोरमन फुरंगटून पुढे बसला. बायको आणि नात मागे गाणी म्हणत होत्या. शाळेजवळच्या वळणावर एक मुलगी सायकलवरून भर्रकन आडवी आली. टॅक्सीवाल्याने करकचून ब्रेक दाबला. मुलगी जीभ चावून हसली आणि निघून गेली.

आणि मग, गाडी पुरती थांबल्यावर, फोरमनचा उजवा पाय ब्रेक शोधत खाली दाबला गेला.

त्याने त्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागे हात करून नातीचा हात घट्ट धरला.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही गं. काहीच झालं नाही," तो म्हणाला. त्याला एकदम इतकं हलकं वाटलं की पुढच्या गाण्यात त्याने आपला भसाडा सूर मिसळला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चॉकलेटचा मोठा डबा घेऊन हॉलवर गेला. मॅनेजरने ड्रॉवरमधून किल्ली काढून दिली.

"हा डबा तुमच्या त्या दारातल्या माणसाला द्या. त्याचे उपकार आहेत माझ्यावर. आणि पगार वाढवा त्याचा."

मॅनेजर खो खो हसत सुटला.

"आमचा कुठला हो! वरच्या मजल्यावरच्या पार्टीतला पाहुणा तो. पिऊन इतका तर्र झाला होता की बायकोने त्याची किल्ली काढून घेतली. मग रुसून खाली दारात येऊन बसला. म्हणे, मला नाही तर कुणालाच नाही!"