अख्खा कागद

थोरलीने आधी दाराला कडी घातली. मग स्टुलावर चढून तिने धाकटीच्या कपाटावरची कागदाची गुंडाळी खाली काढली. धाकटी सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती. तासभर तरी येत नव्हती.

दोघी जावा शिवणाच्या क्लासला एकाच दिवशी जायला लागल्या होत्या. थोरली गेली, कारण आयुष्यभर तिला एकही शिंपी धड भेटला नव्हता. प्रत्येकाने कुर्ता वाकडाच शिवला. धाकटी आपली सोबत म्हणून गेली आणि महिन्याभरात पुढे निघून गेली. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. त्यात क्लासच्या बाईंनी जाहीर केलं, "सोमवारी प्रत्येकीने स्वतः शिवलेला कुर्ता घालून यायचं. जिचा अंगावर नीट बसेल, तिला मी माझ्या दुकानात कामाला घेणार." जागा एकच होती. थोरलीला ती हवी होती. बारा वर्षं घर सांभाळून झालं, आता स्वतःचं काहीतरी हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ते धाकटीच्या हाती लागायला नको होतं.

पण कुर्ता कापायचा तर मापाचा कागद हवा. तयार कागदाच्या पाकिटाची किंमत ऐकून ती दुकानदाराला म्हणाली, "एवढ्यात तर शिवलेला कुर्ता येतो." मोबाइलवर एक फुकटचा सापडला. तो सोळा पानांवर छापून चिकटवला, तर बाहुलीचा कुर्ता निघाला. धाकटी मात्र रद्दीच्या वर्तमानपत्रांवर स्वतःच कागद काढायची, एक पैसा खर्च न करता. "कसं काढतेस गं?" एवढं विचारलं असतं, तर तिने शेजारी बसवून शिकवलं असतं. पण धाकटीला विचारायचं? थोरलीची जीभच रेटेना.

तिने गुंडाळी जमिनीवर उलगडली. कागद चांगला ऐसपैस होता, धाकटीसारख्या काडीच्या मापाचा नव्हताच. म्हणजे हिला गिऱ्हाईकही मिळालं! थोरलीचा नुसता तिळपापड झाला. तरी तिने टेप लावून पाहिला. छाती, कंबर, उंची, सगळं तिच्याच मापाचं. चला, नशिबाने एकदा तरी आपली बाजू घेतली, असं तिला वाटलं.

मग तिला ती चूक दिसली. क्लासमध्ये सगळ्याजणी अर्ध्याच कुर्त्याचा कागद काढायच्या आणि दुमडलेल्या कापडावर ठेवून कापायच्या, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात. हिने अतिशहाणपणा करून अख्खा काढला होता, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली गेला होता. थोरली एकटीच हसली. बाईंची लाडकी, आणि दोन खांदे सारखे काढता येत नाहीत! सांगावं का हिला? कशाला? होऊ दे गिऱ्हाईकासमोर फजिती.

स्वतःचा कागद मात्र तिने नीट केला. गुंडाळीची दुसऱ्या कागदावर छाप घेतली, ती मधोमध दुमडली आणि वर आलेला उजवा खांदा डाव्याइतका कातरून टाकला. गुंडाळी होती तशी कपाटावर गेली. मग तिने जपून ठेवलेलं निळं कापड काढलं आणि तीन दुपारी खपून कुर्ता शिवला.

शुक्रवारी सकाळी तिने तो आरशासमोर अंगात घातला. उजव्या खांद्यावर कापड ताणलं, गळा तिकडे ओढला गेला, खालची कड एका बाजूने वर चढली. तिने ओढून खाली केली. ती पुन्हा चढली. उसवून उपयोग नव्हता, कातरलेलं कापड थोडंच परत येतं. तिला रडू फुटलं. रागही आला, तोसुद्धा धाकटीचाच.

"ताई, येऊ का?"

थोरलीने डोळे पुसले आणि खांद्यांवर टॉवेल ओढून घेतला. धाकटी आत आली. तिच्या हातात तीच गुंडाळी होती.

"रागावू नका हं, तुम्हाला न विचारता केलंय," ती म्हणाली. "तुम्हाला कागद मिळत नव्हता ना. क्लासमध्ये तुमची मापं मीच घेतली होती, ती लिहून ठेवली होती. आधी जुन्या चादरीवर कापून बघितला, म्हणून उशीर झाला. अजून तीन दिवस आहेत, होईल तुमचा कुर्ता."

"अगं, पण काम एकीलाच मिळणार आहे," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय झालं? तुम्हाला जास्त हवंय ते, मला दिसत नाही का?"

गुंडाळी पलंगावर ठेवून धाकटी निघाली. दारात तिला काहीतरी आठवलं आणि ती थांबली.

"आणि ताई, तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे, म्हणून मी अख्खा कागद काढलाय. माझी चूक समजून सरळ करू नका हं."