पुलावरची माणसं

कंपाउंडरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. त्याला डब्याचा नंबर वाचायचा होता. नंबरच्या वर खिडकी होती आणि खिडकीत कारकून बसला होता.

"हा तूच ना?" त्याने विचारलं.

कारकुनाने वाकून पाहिलं. निळा शर्ट, मांडीवर वही, हातात पेन. नाही म्हणायला जागाच नव्हती. "मीच," तो म्हणाला.

स्टेशनच्या पादचारी पुलावर पाचही जण हजर होते. पाच चाळीसच्या गाडीला अजून वीस मिनिटं होती, आणि ती उद्यापासून बंद होणार होती. नोटीस तीन दिवसांपूर्वी लागली होती. नऊ वर्षं हे लोक रोज संध्याकाळी इथे उभे राहत आले होते. घरी पाहुणे असोत, अंगात ताप असो, खाडा क्वचितच. निवृत्त मास्तर इंजिनांचे नंबर वहीत उतरवायचे. टेलर उरलेल्या कापडातून सगळ्यांच्या कॅमेऱ्यांना पिशव्या शिवून द्यायचा. बँकेतला वॉचमन पुढे आलेल्या पोटामुळे सगळ्यांसाठी बफर झाला होता आणि आता त्याचं खरं नाव त्यालाही आठवून सांगावं लागायचं. कारकून रेल्वेच्या ऑफिसात होता, म्हणून त्याला जरा मान होता.

आजही गप्पा रोजच्याच चालल्या होत्या. बफरची रात्रपाळी, टेलरकडे आलेली शाळेच्या गणवेशांची ऑर्डर, मास्तरांचा डोंगरातल्या रेल्वेने फिरून यायचा बेत. बेत आठ वर्षं जुना होता. "यांचे पाय पुलाच्या पुढे जायचे नाहीत," असं मास्तरीणबाई म्हणत. गाडी बंद होण्याबद्दल बोलायचं कुणी काढत नव्हतं. टेलरने आल्याआल्याच एकदा सांगून टाकलं होतं, की त्याच्या बहिणीला आता नोकरी सोडावी लागणार. ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात होती. पाचला सुटायची, पाच चाळीसने शेवटच्या स्टेशनाला घरी जायची. तिकडची शेवटची बस चारलाच निघायची. घरात कमावणारी ती एकटीच. टेलरने हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

"पण हा फोटो गेल्या महिन्यातला आहे," कंपाउंडर म्हणाला. "तेव्हा तू कंबर धरली म्हणून घरी होतास. मी मलम पाठवलं होतं."

"मलम आहे अजून. उघडलं नाही."

"मग गाडीत काय करत होतास?"

"माणसं मोजत होतो."

कारकुनाने सगळं सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. ऑफिसातून लेखी हुकूम आला होता. चौदा दिवस रोज गाडीत बसायचं आणि उतारू मोजायचे. मोजणाऱ्याला मोजायचं नाही. सरासरी बाराच्या खाली आली तर गाडी बंद. पहिल्या दिवशी त्याने पेन्सिलीने बारा लिहूनही पाहिले होते. पण खाली गार्डाची सही लागायची, म्हणून खोडले. चौदाव्या दिवशी बेरीज केली तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसा तो तेव्हापासून होता.

"निदान आम्हाला तरी सांगायचंस," मास्तर म्हणाले. "आपल्या माणसांपासून कसली लपवाछपवी?"

"बोलायचं नाही असा हुकूम होता." कारकून थोडा थांबला. "आणि मला वाटलं, चौदा दिवसांत एकदा तरी तुमच्यातलं कुणीतरी चढेल."

चौदाही दिवस गाडी या पुलाखालून गेली होती. चौदाही दिवस त्याने खिडकीतून मान वर करून पाहिलं होतं, आणि वर चार कॅमेरे दिसले होते. बफरने तर ड्रायव्हरला हातही केला होता. गाडीत बसलं तर गाडीचा फोटो कसा मिळणार, हा त्यांचा जुना हिशेब होता. टेलर महिन्यातून दोनदा बहिणीकडे जायचा, तोसुद्धा सकाळच्या बसने, आणि पाच चाळीसच्या आत परत पुलावर यायचा.

"किती भरली सरासरी?" मास्तरांनी विचारलं.

"नऊ."

बफरने बोटं मोजली. "म्हणजे तीनच कमी पडले."

"आपण चौघं होतो," टेलर म्हणाला. "एक जण उरलासुद्धा असता."

एरवी अशा वाक्यावर बफर पोट धरून हसला असता. त्याने फक्त कॅमेऱ्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मास्तरांनी वही उघडली, आजची तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही. टेलर कठड्यावरून खाली बघत राहिला. फलाटावर त्याची बहीण बाकाच्या टोकाला बसली होती. पूर्वी ती वर बघून हात करायची. कधी बंद केलं, ते त्याला आठवेना.

सिग्नल पडला. बहीण उठली आणि तिने डबा पिशवीत घातला. जिना तीस पायऱ्यांचा होता. तिकिटाची खिडकी अजून उघडी होती आणि तिच्यापुढे कुणीही नव्हतं.

"येतेय," कंपाउंडर हळू म्हणाला.

गाडी वळणावर दिसली, आणि चौघांनीही सवयीने कॅमेरे वर केले.